खिडकीपलीकडच्या काकू

सेलूला राहायला आलो तेव्हा मी दुसरीत होते. पप्पा एसटीत ड्रायव्हर होते, पाथरीची गाडी त्यांच्याकडे असायची. स्टँडच्या मागच्या गल्लीत आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती आणि गल्लीच्या तोंडाशीच ते हॉटेल होतं. लांबट एक खोली, पुढं पत्र्याचं छप्पर, आत बाकडी आणि टेबलं, कोपऱ्यात माठ. बोर्डावरचं नाव उन्हानं पार उडून गेलेलं. मालकांना सगळे काका म्हणायचे, म्हणून ते काकाचं हॉटेल.

पप्पांची सुट्टी असली की सकाळी ते मला तिथं न्यायचे. काका गल्ल्यावर बसलेले असायचे. अंगानं दांडगे, आवाज त्याहून दांडगा. आम्ही बसलो की मागच्या भिंतीकडे मान वळवून ते ओरडायचे, "एक सुशीला!" त्या भिंतीत एक छोटी खिडकी होती, जेमतेम ताटली मावेल एवढी, आणि तिला अर्धा पडदा. थोड्या वेळानं पडद्याखालून एक हात बाहेर यायचा. मनगटात हिरव्या बांगड्या, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना डाग, हातात ताटली. ताटलीत भिजवून फोडणीला टाकलेल्या चुरमुऱ्यांचा पिवळाधमक ढीग, त्यात कांदा, शेंगदाणे, वर कोथिंबीर. ताटली खिडकीच्या फळीवर टेकली की हात लगेच आत.

आमच्या घरी या पदार्थाला नुसतं 'चुरमुऱ्याचं' म्हणायचे. त्यामुळे मी असं धरून चालले होते की सुशीला हे त्या हाताच्या मालकिणीचं नाव. काका बायकोला हाक मारतात, एक ताटली मागतात आणि ती देते. मला शंका आली ती एका बाजारच्या दिवशी. हॉटेल खच्चून भरलेलं होतं आणि काका ओरडले, "चार सुशीला, दोन भजे!"

चार? मी खिडकीकडे बघत राहिले. पडद्यामागं चार बाया बसल्यात की काय? पण हात तर तोच येत होता, डागाचा.

"पप्पा, आत किती सुशीला हायत?" मी विचारलं.

पप्पांना ठसका लागला. माझ्या डोक्यात काय चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं तसं त्यांनी काकांना सांगितलं आणि काकांनी अख्ख्या हॉटेलला. माणसं टेबलावर हात आपटून हसली. मला त्याचं फार काही वाटलं नाही, कारण तेवढ्यात पडद्यामागूनही एक हसणं ऐकू आलं होतं. बाईचं, दाबून धरलेलं, मधेच निसटलेलं. ते हसणारं कोण ते मला बघायचं होतं.

त्याच दुपारी आई शिलाई मशीनवर बसलेली असताना मी मागच्या बोळातून हॉटेलच्या पाठीमागं गेले. तिथं एक लहानसं अंगण होतं, पाण्याची टाकी, वाळत घातलेली फडकी आणि उघडं दार. दारातून कढईचा चरचर आवाज येत होता. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले.

"कोन हाय?" आतल्या बाईंनी मान न वळवताच विचारलं.

"मी."

"मी म्हंजी? सुशीला मोजणारी?"

त्यांनी मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं, पण आवाज ओळखला होता. मग त्या वळल्या. उंच, सावळ्या, कपाळावर पीठ लागलेलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं तू गोरीपान, गुबगुबीत असशील. आवाज तसा हाय तुझा. तू तर निस्ती काडी हायस की गं."

त्या काकू. पुढची काही वर्षं माझ्या शाळेनंतरच्या दुपारी त्यांच्याच त्या मुदपाकखान्यात गेल्या. सुशीलाला सुशीला का म्हणतात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "असंल कुणीतरी बाई," त्या म्हणाल्या, "घरात काहीच नसंल, पाव्हणे आले असतील, अन् तिनं चुरमुरे भिजवून फोडणीला टाकले असतील. मंग पाव्हण्यानं इचारलं असंल, हे काय? तर नवरा बायकोचंच नाव सांगून मोकळा झाला असंल." आजवर याहून चांगलं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

काकू वालूरच्या. लग्न होऊन सेलूला आल्या तेव्हा सासूबाई होत्या आणि सासूबाईंचा नियम होता की घरातल्या बाईनं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पुढ्यात उभं राहायचं नाही. स्वयंपाक आत, माणसं बाहेर, मधे ती खिडकी. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू बाजारात जायच्या, हळदीकुंकवाला जायच्या, देवळात जायच्या, पण हॉटेलच्या पुढच्या खोलीत त्यांनी गिऱ्हाइकांच्या वेळेला कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुणी अडवत होतं असंही नाही. सवय पडली होती, एवढंच.

मात्र त्यांचे कान सतत खिडकीला असायचे. कोण चहात साखर कमी घेतो, कोण भज्यांवर मिरची मागून घेतो, कोण बायकोवर चिडून सकाळीच येऊन बसतो, सगळं त्यांना आवाजावरून माहीत. आणि प्रत्येक आवाजाला त्यांनी मनानं एकेक चेहरा दिलेला. तो खरा आहे की नाही, हे ताडून बघायला त्यांना मी सापडले.

"जा बरं," त्या म्हणायच्या, "तो आत्ता खोकला ना, तो कसाय बघून ये."

मी बोळातून पळत पुढं जायची, माठाचं पाणी प्यायचं निमित्त करून त्या माणसाला बघायची आणि परत पळत यायची. "टकलाय. स्वेटर घातलाय. मिशा न्हाईत."

"मिशा न्हाईत?" काकूंचा झारा हवेत थांबायचा. "मला तर लय मोठ्या मिशा वाटल्या व्हत्या."

एक आवाज होता फार मऊ. "माय, थोडी चटणी मिळंल का?" असं तो खिडकीकडे तोंड करून विचारायचा. काकूंच्या मते तो म्हातारा, किडकिडीत, एकटा राहणारा माणूस होता आणि त्या त्याला चटणी जरा जास्तच द्यायच्या. मी बघून आले तर तो कापसाच्या जिनिंगवरचा हमाल निघाला. दारातून आत येताना आडवं व्हावं लागेल असा रुंद, कानात बाळी, दंडावर गोंदलेलं. मी सांगितलं तेव्हा काकू पोट धरधरून हसल्या. "अन् मी इकडं काळजी करायले की म्हाताऱ्याला कोन जेवू घालतंय!" चटणी मात्र त्याला पुढंही जास्तच मिळत राहिली.

मलाही या खेळाचा नाद लागला. आधी मी माणसं बघतच नव्हते, नुसती त्यांच्यातून वाट काढायची. आता मी बघायला लागले. कुणाची चप्पल शिवलेली आहे, कोण ताटलीतले शेंगदाणे वेगळे काढून शेवटी खातो, कोण एकटाच ओठ हलवतो. काकू विचारतील म्हणून मी सगळं लक्षात ठेवायची.

मी चौथीत असेन. एका बाजारच्या दिवशी काकू आलूबोंडे सोडत होत्या आणि बाहेरून एक नवा आवाज आला. कुणीतरी दोनदा घसा खाकरला आणि म्हणालं, "हं, तर मग… एक सुशीला द्या बुवा. आणि माठातलं पाणी गार आहे ना?"

काकूंचा हात थांबला. तेलात बोंडे करपायला लागले तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"काय झालं काकू?"

"जाऊन बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उजव्या हाताची करंगळी बघ. अर्धीच हाय का?"

मी गेले. पांढरा सदरा, धोतर, जाड चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. पाण्याचा पेला धरलेल्या हाताची करंगळी खरंच अर्धी होती. मी परत येऊन सांगितलं तशा काकू पाटावर खाली बसल्या.

"गुरुजी हायत. आमच्या वालूरच्या शाळेतले. करंगळी कडबा तोडायच्या यंत्रात गेली त्यांची. धडा सुरू करायच्या आधी असंच म्हणायचे, हं, तर मग."

"मंग जा की, भेटा की!"

"वेडी का काय. इतक्या बाप्यांत कुठं जाऊ?"

त्यांनी त्या ताटलीत शेंगदाणे दुप्पट घातले, वर तळलेली मिरची ठेवली आणि खिडकीतून हात बाहेर काढला. गुरुजींनी सगळं संपवलं, काकांना म्हणाले, "घरच्यासारखं होतं हो," आणि गेले. त्यानंतर ते दर बाजाराला येऊ लागले. वालूरहून जीपनं यायचे, किराणा घ्यायचे, इथं खायचे आणि परत जायचे. आणि दर बाजाराला काकू पडद्यामागं उभ्या राहून त्यांचं बोलणं ऐकायच्या.

एवढं काय आहे या गुरुजींमध्ये, असं मी विचारत राहिले तेव्हा एकदा कांदे चिरता चिरता काकूंनी सांगितलं.

गुरुजी शनिवारी, शाळा सुटायच्या आधी, वर्गाला गोष्ट सांगायचे. एका शनिवारी त्यांनी एका माणसाची गोष्ट सुरू केली. तो माणूस खडकाळ माळावर एकटाच विहीर खोदत होता. गाव त्याला हसायचं, कारण तिथं पाणी लागणं शक्यच नव्हतं. खोदत खोदत तो फार खोल गेला. एका दुपारी तळाशी टेकून तो भाकर खात होता, तर त्याला आवाज आला. ठक ठक. खालून. त्यानं कान लावला तर आवाज बंद. त्यानं पहार उचलली आणि दोनदा खडकावर मारली. खालून दोनदा उत्तर आलं. ठक ठक.

"अन् घंटा झाली," काकू म्हणाल्या. "गुरुजी म्हणले, राहिलेली पुढच्या शनिवारी. अन् त्याच आठवड्यात मावशीचं बाळंतपण आलं, मला तिकडं धाडलं हाताखाली. परत आले तर आईनं शाळेत पाठवलंच न्हाई. म्हणली, आता बास झालं."

"मंग खाली कोन व्हतं?"

"तेच तर! कोन व्हतं?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "संगं शिकणाऱ्या पोरींना इचारलं, तर एकीला आठवंना. एकजण म्हणली, त्या शनिवारी गुरुजी आलेच न्हाईत. मला लेकरं झाली, मोठी झाली. पण कवा कवा भजे तळताना मधीच ध्यानात येतंय, का बरं, खाली कोन असंल?"

आता त्या दोनदा ठोकणाऱ्यानं माझीही झोप उडवली. मी पप्पांना विचारलं, ते म्हणाले भूत. आई म्हणाली, झोप आता. मी आणि काकू रोज नवीन काहीतरी जुळवायचो. कासव असेल. जमिनीखालून जाणारा एखाद्या राजाचा घोडा असेल. पण ते सगळं आमचं होतं, आणि खरं काय ते सांगणारा माणूस दर आठवड्याला खिडकीच्या पलीकडं बसून सुशीला खात होता.

"मी इचारू का त्यांना?" मी म्हटलं.

"तू न्हाई," काकू लगेच म्हणाल्या. "गोष्ट माझी हाय."

मग एका बाजारच्या दिवशी माठापाशी पाणी पिताना मी गुरुजींचं बोलणं ऐकलं. ते काकांना सांगत होते की मुलगा नांदेडला असतो, आता तो घेऊन जायचं म्हणतोय, दिवाळीनंतर वालूरचं घर बंद करून जावं लागणार. मी बोळातून एवढी जोरात पळत गेले की अंगणात घसरून पडले. गुडघा खरचटला, पण तसंच ओरडले, "काकू, गुरुजी नांदेडला चाललेत! कायमचे!"

काकूंनी गॅस बारीक केला. हात पदराला पुसले, कपाळ पुसलं. पुढच्या खोलीत उघडणारं दार खिडकीच्या शेजारीच होतं, त्याच्यापुढं पिठाचे डबे रचलेले होते. त्यांनी एकेक डबा बाजूला सरकवला. मला आजही तो पत्र्याचा फरशीवर घासण्याचा आवाज आठवतो. मग त्यांनी कडी काढली आणि त्या बाहेर गेल्या.

हॉटेल भरलेलं होतं. काका बोलता बोलता थांबले. एकेक टेबल गप्प झालं. काकू सरळ गुरुजींपुढं जाऊन उभ्या राहिल्या, वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "गुरुजी, त्या विहिरीत खाली कोन ठोकायलतं?"

गुरुजींनी चष्मा वर-खाली केला. "बाई, मी ओळखलं नाही."

काकूंनी बापाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, वर्गात कुठल्या खिडकीपाशी बसायच्या तेही सांगितलं. गुरुजींना बाप आठवला, भाऊ आठवला, दारातली चिंच आठवली. काकू काही आठवल्या नाहीत. त्यांनी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. मला त्यांचा राग आला, पण काकूंच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. "असू द्या," त्या म्हणाल्या. "लय पोरं येऊन गेली असतील तुमच्या हाताखालून. मला गोष्ट सांगा." आणि घंटा होईपर्यंतची सगळी गोष्ट त्यांनी तिथंच उभ्या उभ्या परत सांगितली.

मी काकूंना एवढं मोठ्यानं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. चहा निवत होते. कुणी चमचासुद्धा हलवत नव्हतं. गोष्ट 'ठक ठक'पाशी आली आणि त्या थांबल्या.

गुरुजींनी ताटली बाजूला सारली. "खरं सांगू का?" ते म्हणाले. "मला ही गोष्टच आठवत नाही. मी कुठल्या पुस्तकातून सांगत नव्हतो. येईल तशी जुळवत जायचो. घंटा झाली म्हणजे सुटलो असं वाटायचं, पुढचं पुढच्या शनिवारी बघू. त्या वेळी मलाही माहीत नसणार, खाली कोण आहे."

कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. आणि मग कोपऱ्यातून तो चटणीवाला मऊ आवाज आला, "मला वाटतंय, पाणीच असंल. पाणी ठोकायलतं, का मला बाहेर काढा म्हणून."

"हट्," दुसरा म्हणाला, "पाणी कुठं ठोकतंय? अगुदरच्या कुण्या विहिरीत दबलेला माणूस असंल."

"इतके दिवस जित्ता ऱ्हाईल का तो?"

"मी सांगतो," काका गल्ल्यावरून उठले, "पृथ्वीच्या त्या अंगाला बी एक येडा विहीर खांदायलाय. त्याला बी त्याचं गाव हसायलंय."

सगळं हॉटेल एकदम बोलायला लागलं. एसटीचे लोक, बाजाराला आलेले शेतकरी, कापडवाला, सगळे. एकजण तर सुटणारी जीप सोडून परत येऊन बसला. गुरुजी वर्गात असल्यासारखे एकेकाकडे बोट करत होते, "हं, तुम्ही सांगा." आणि काकू मधोमध उभ्या राहून बोलणाऱ्याकडे वळून वळून बघत होत्या. एक माणूस बोलला की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायचं. "आस्सं, तुमी व्हय ते कमी साखरेचे!" त्या एकाला म्हणाल्या. दुसऱ्याला म्हणाल्या, "खोकला बरा झाला का?" माणसं ओशाळून हसत होती. मी दारात उभी राहून खरचटलेला गुडघा दाबून धरला होता. मला त्या दिवशी घरी जावंसंच वाटेना.

गर्दी ओसरल्यावर काका हळूच काकूंना म्हणाले, "मी कवा नको म्हणलो व्हतो का गं तुला भाईर यायला?"

"तुमी ये बी म्हणला न्हाईत," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन गॅस मोठा केला.

पुढच्या बाजाराला गुरुजी आले ते शेवट तयार करूनच. त्यांनी काकूंना बाहेर बोलावलं. त्यांच्या शेवटात खाली त्या माणसाचे पूर्वज होते, आणि ते त्याला कष्टाचं महत्त्व सांगत होते. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्हाई गुरुजी, हे न्हाई पटलं." गुरुजी इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "मलाही नाही पटलं," ते म्हणाले. "हे पेन्शनीतल्या माणसानं रचलंय." दिवाळीनंतर ते नांदेडला गेले. जाताना काकूंनी त्यांना कडाकणीसारखी खुसखुशीत शंकरपाळी डबाभर बांधून दिली.

ते पिठाचे डबे परत दारापुढं लागले नाहीत. हळूहळू काकू दुपारी पुढं बसायला लागल्या, काका आत जाऊन झोपायचे. मग बाया यायला लागल्या. बाजाराला आलेल्या, लेकराला दवाखान्यात घेऊन आलेल्या, ज्या आधी स्टँडवर उपाशी बसून राहायच्या. काकू गल्ल्यावर दिसल्या की त्या उंबरा ओलांडायच्या. माझी आईसुद्धा एकदा आली, संकोचत, आणि दोन ताटल्या खाऊन गेली. पप्पांची बदली झाली तेव्हा मी सातवीत होते. सेलू सुटलं.

आता मी परभणीला शाळेत शिकवते. काका तीन वर्षांमागं गेले. हॉटेल सून आणि मुलगा बघतात, भिंत पाडून खोली मोठी केली आहे. काकूंचे गुडघे दुखतात, पण बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून त्या घरात सापडत नाहीत. त्यांनी नवीनच एक काढलंय. दुपारची गाडी धरायची, कुठल्या तरी गावाला उतरायचं आणि तिथल्या हॉटेलात बसून खायचं. "आयुष्यभर लोकायला खाऊ घातलं," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातचं कसं लागतं ते बघावं म्हणलं."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर पाथरीला गेले. स्टँडजवळच्या एका हॉटेलात त्यांनी डोसा मागवला. असला डोसा त्यांनी कधी केला नव्हता. त्यांनी तो आधी उलटा करून पाहिला, मग कडा मोडून कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकला, मग खाल्ला. चटणी पातळ आहे म्हणाल्या, तरी बोटानं पुसून संपवली. पलीकडच्या टेबलावर एक बाई उत्तप्पा खात होती. काकू बराच वेळ तिच्या ताटाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी तिच्याकडे वाकून विचारलं, "माय, ते काय हाय वो?"

बाईनं एक तुकडा मोडून काकूंच्या ताटात ठेवला, दोघी बोलत बसल्या, आणि आमची परतीची गाडी चुकली.